बीएड झालंय ना, मग एमए कशाला?

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. मामेबहिणीची मुलगी, कळव्याला राहते, टीवायला म्हणजे बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय इतिहास. "मावशी, बीएडची सीईटी (प्रवेश परीक्षा) देतेय, मेथड म्हणजे शिकवायचा विषय इतिहास घेऊ की भूगोल? आणि एमए आधी करू, नंतर करू, की करूच नको?" आणि मागून तिच्या आईचा आवाज, "अगं शाळेतच शिकवायचंय ना, बीएड झालं की बास, एमएची दोन वर्षं फुकट घालवू नको." हे वाक्य मला माझ्या घरी, सासरी, स्टाफरूममधे, सगळीकडे ऐकायला मिळालंय. फोनवर पाऊण तास बोलले पण माझंच समाधान झालं नाही, म्हणून आता निवांत लिहिते.

आधी कोरडी माहिती पटकन सांगून टाकते. नववी-दहावीला शिकवायला पदवी आणि बीएड लागतं. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर त्या विषयातलं एमए आणि बीएड दोन्ही. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन, १५० मार्कांचा, त्यात आपल्या विषयाचे म्हणजे सामाजिक शास्त्रांचे ६० मार्क, आणि पास व्हायला ओपनला ६० टक्के. टीईटीला हलक्यात घेऊ नकोस, सप्टेंबर २०२५ मधे नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी लागेल असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हापासून पंधरा-वीस वर्षं शिकवणारे लोकही पुस्तकं घेऊन बसलेत. मग पुढे टेट (भरतीसाठीची अभियोग्यता परीक्षा) आणि पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची सरकारी साइट), ते वेगळंच. बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय. एमए झालेल्यांसाठी एक वर्षाचं बीएड असावं असं २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलंय, पण तू फॉर्म भरशील तेव्हा जे चालू असेल तेच धर, आशेवर बसू नको.

म्हणजे कागदावर बघितलं तर तुझी आई बरोबर बोलतेय. दहावीपर्यंतच शिकवायचं असेल तर एमएची गरज नाही. मी पण बीएड २०१८ ला संपवलं, नवी मुंबईत एका शाळेत लागले (कंत्राटी, पगार सांगण्यासारखा नव्हता), आणि एमए २०२१ मधे सुरू केलं तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं होतं, याने तुमचा पगार वाढणार आहे का. नव्हताच वाढणार. तरी केलं, आणि त्यामागचं कारण बीएडच्या एका लेसनमधलं आहे.

ठाण्यातल्या एका शाळेत माझा सराव पाठ होता, आठवीचा वर्ग. विषय मी हौसेने निवडलेला, रेल्वेची सुरुवात. ठाण्याची मुलं, ठाण्याची गाडी, यापेक्षा सोपं काय असणार. टाचण एकदम व्यवस्थित, प्रस्तावनेचे प्रश्न, हेतूकथन, फलकलेखनाचा आराखडा, इंजिनाचं चित्र काढलेला तक्ता तर मी रात्री दोनपर्यंत जागून रंगवला होता. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल, १४ डबे, ४०० प्रवासी, तीन इंजिनं, साहिब, सिंध आणि सुलतान. मुलं खूश होती. आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला, "बाई, चौदाच डबे होते हे कशावरून?"

उद्धटपणा अजिबात नव्हता त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी म्हटलं, "असं लिहिलंय, खाली बस." तो बसला. पाठ वेळेत संपला. निरीक्षण करणाऱ्या बाईंनी वहीत रिमार्क दिला, वर्गनियंत्रण चांगले.

तो रिमार्क मला अजून टोचतो. कारण त्या दिवशी मला उत्तर माहीतच नव्हतं. डबे चौदा होते हे मला माहीत होतं पण आपल्याला ते कसं माहीत, म्हणजे कोणी मोजले, कोणी लिहून ठेवले, कुठल्या पेपरात आलं, रेल्वे कंपनीच्या कागदात काय होतं, यातलं काहीच तीन वर्षांच्या बीएत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बीएमधे आम्ही गाइड वाचून पास झालो, खरं तेच सांगते. आणि बीएडने मला प्रश्न कसा विचारायचा, फळा कसा वापरायचा, मुलांचं लक्ष कसं ठेवायचं हे शिकवलं, चांगलं शिकवलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, सूक्ष्म अध्यापनात सहा मिनिटांत एकच कौशल्य घोटून घेतात ते मला आजही उपयोगी पडतं. पण मुलाने उलटा प्रश्न विचारला तर विषयच आत असावा लागतो, तिथे कौशल्य पुरत नाही.

आणि गंमत बघ, दहावीच्या इतिहासाचं आपलं पुस्तक सुरूच होतं इतिहासलेखनापासून. पहिला धडा पाश्चात्त्य परंपरा, दुसरा भारतीय परंपरा. रांके, मार्क्स, फुको अशा युरोपातल्या विचारवंतांची नावं पंधरा वर्षांच्या मुलांपुढे येतात. मी पहिल्या वर्षी हे धडे कसे शिकवले माहितीये? नावं आणि त्यांच्यासमोर पुस्तकांची नावं, जोड्या लावा, झालं. रांकेचं म्हणणं काय होतं, मूळ कागदपत्रांपर्यंत जा असं तो का म्हणत होता, हे मी स्वतः कधी अनुभवलंच नव्हतं तर मुलांना काय सांगणार. सगळी मुलं जोड्या बरोबर लावून पास झाली.

एमए मी मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून केलं. नोकरी सोडणं शक्य नव्हतं. सुट्टीच्या दिवशी कलिनाला लेक्चर, ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून कुर्ला, तिथून बस किंवा रिक्षा, घरी येईपर्यंत संध्याकाळ. सगळंच भारी होतं असं नाही हां. रेडीमेड नोट्स तिथेही होत्या, झेरॉक्सवाल्याकडे मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नांची उत्तरं बांधून मिळायची आणि बरेच जण त्यावरच निघून जायचे. पण संशोधन पद्धतीचा एक पेपर होता, आणि शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तुम्ही राहता तिथलं एक मूळ साधन शोधा आणि ते तुम्हाला काय सांगतं आणि काय सांगत नाही ते दोन पानांत लिहा.

मला वाटलं ठाण्याचं काय मिळणार, रेल्वे नाहीतर मासुंदा तलाव. कलिनाच्या नेहरू लायब्ररीत आणि नंतर आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (१८९३ चं आहे ते, आणि मी लहानपणापासून तिथे फक्त दिवाळी अंक आणायला जायचे) बसले, आणि शिलाहारांचे (कोकणावर राज्य करणारं जुनं घराणं) कोरीव लेख वाचता वाचता त्यांच्यातल्या अरिकेसरी राजाचा ताम्रपट सापडला. शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७. सापडला कधी, तर १७८७ साली. आणि कुठे, तर ठाण्याच्या किल्ल्यात, पाया खणताना. ठाण्याचा किल्ला म्हणजे कुठला? आपलं सेंट्रल जेल! पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ ला मराठ्यांनी घेतलेला, १७७४ ला इंग्रजांकडे गेलेला, आणि पुढे त्याचं जेल झालं. त्या भिंतीशेजारून मी शाळा-कॉलेजची सगळी वर्षं गेलेय, आणि तिच्या आत जमिनीखाली जवळपास पावणेआठशे वर्षं एक राजाचा कागद पडून होता हे मला इतिहासात बीए होऊन, बीएड होऊन, तीन वर्षं इतिहास शिकवून झाल्यावर कळलं. त्या दिवशी मी लायब्ररीतून बाहेर आले आणि घरी न जाता आधी जेलच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.

आता हे वर्गात कसं आलं ते सांगते कारण खरा मुद्दा तोच आहे. ताम्रपट म्हणजे काय हे पुस्तकात एका ओळीत असतं, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख. मुलं लिहितात, विसरतात. मी त्या वर्षी वर्गात विचारलं, तुमच्यापैकी कोणाच्या घरी सातबारा आहे? आमच्या शाळेत निम्मी मुलं गावठाणातली आहेत, दहा-बारा हात वर. मग म्हटलं, ताम्रपट म्हणजे राजाने दिलेला जमिनीचा कागद, फाटू नये म्हणून तांब्यावर. राजाची वंशावळ, कोणाला दिलं, कधी दिलं, आणि अशा दानपत्रांत दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात, पूर्वेला काय, दक्षिणेला काय. एक मुलगी म्हणाली, बाई आमच्या रूमच्या पेपरात पण चतुःसीमा आहेत! दुसऱ्या दिवशी आईला विचारून झेरॉक्स घेऊन आली. एका बाजूला हजार वर्षांपूर्वीच्या कागदातली रीत आणि दुसऱ्या बाजूला तिच्या घराचं खरेदीखत, आणि मधे आम्ही सगळे. तो तास संपला तरी कोणी उठत नव्हतं.

मग मी त्यांना पुढचं सांगितलं. शिलाहार राजे आपल्या लेखांत कोकणाला 'पुरीप्रमुख चौदाशे गावं' म्हणतात. म्हणजे पुरी हे मुख्य ठिकाण. पण ही पुरी कुठली? कोणी म्हणतात घारापुरी, कोणी म्हणतात जंजिऱ्याजवळची राजापुरी. अभ्यासकांचं एकमत नाही. मुलांचा चेहरा बघण्यासारखा होता, बाई म्हणजे तुम्हाला पण माहीत नाही? म्हटलं मलाच काय, अजून कोणालाच पक्कं सांगता आलेलं नाही, आणि ज्याला सांगायचंय त्याला पुरावा द्यावा लागेल. हे वाक्य मी बीएडनंतरच्या पहिल्या वर्षी कधीच बोलू शकले नसते. तेव्हा मला वाटायचं माहीत नाही म्हटलं की वर्ग हातातून जातो. एमएने मला हे धाडस दिलं, आणि ते मार्कशीटवर कुठे दिसत नाही.

दुसरी गोष्ट जासईची, म्हणजे नवी मुंबईजवळच्या उरण तालुक्यातल्या गावाची. दहावीच्या राज्यशास्त्रात सामाजिक आणि राजकीय चळवळी असा धडा आहे. मी आधी तो पुस्तकातून जसा आहे तसा घ्यायचे. पण आम्ही बसतो कुठे? नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली, त्यासाठी ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं, आणि जमिनीच्या मोबदल्यासाठी आणि हक्कासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं त्यात जानेवारी १९८४ मधे जासईच्या भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत. आमच्या वर्गातल्या मुलांना 'साडेबारा टक्के' हा शब्द आई-बापाच्या भांडणातून, काकांच्या कोर्टकचेरीतून माहीत असतो, पण तो चळवळीच्या धड्यातला शब्द आहे हे कोणी त्यांना सांगितलेलं नसतं. गेल्या वर्षी मी विचारलं, घरी कोणाला आठवतंय का. एक मुलगा, एरवी मागे बसून झोपणारा, म्हणाला माझे आजोबा होते तिथे.

आजोबा वर्गात आले. पांढरा शर्ट, टोपी, खुर्चीवर बसायला तयारच नाहीत, उभ्यानेच बोलले. कुठे जमले होते, रस्ता कसा अडवला, बायका किती होत्या, मिठागरं आणि भाताची शेती कशी होती तेव्हा. बोलता बोलता गप्प झाले ते बराच वेळ, आणि चाळीस पोरांच्या वर्गात पंख्याचा आवाज येत होता फक्त. नंतर मुलांनी त्यांचं बोलणं लिहून काढलं आणि मी आणलेल्या छापील माहितीशी लावून बघितलं. एका मुलीने बरोबर पकडलं, छापील माहितीत गोळीबार १६ आणि १७ जानेवारी असा दोन दिवस झाला, आजोबांच्या सांगण्यात सगळं एकाच दिवसात होतं. तिने विचारलं, मग आजोबा चुकले का?

यावर आम्ही अख्खा तास घालवला. चाळीस वर्षांनी माणसाला काय आठवतं, कुठल्या दोन गोष्टी एकमेकांत मिसळतात, आणि तारीख मिसळली म्हणून त्यांनी जे बघितलं ते खोटं ठरतं का. आणि उलट, छापील कागदात तारीख बरोबर आहे पण शेतात त्या वर्षी काय पेरलं होतं, घरी चूल पेटली का, हे कुठेय? मौखिक इतिहास म्हणून जे आम्हाला एमएला शिकवलं ते मला खऱ्या अर्थाने या तासाला कळलं. नातू आता पुढच्या बाकावर बसतो. अभ्यासात फार पुढे गेला असं नाही, पण पुढे बसतो.

आता भूगोल. भाचीचा प्रश्न होता इतिहास की भूगोल मेथड. अगं तू काहीही घे, शाळेत टाइमटेबल लागलं की तुला तिन्ही देणार. आपल्या दहावीला इतिहास-राज्यशास्त्र ४० मार्कांचा पेपर आणि भूगोल ४० चा, आणि लहान शाळेत हे सगळं एकाच बाईकडे असतं. मी बारावीनंतर भूगोल सोडलेला, आणि पहिल्या वर्षी मला ब्राझील आणि भारत शिकवायला लागला. समोच्च रेषा (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) मी मुलांच्या एक दिवस आधी शिकायचे. २०२० मधे लॉकडाऊनमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी रडली होती, तिने सगळे नकाशे घोटून ठेवले होते, आणि मला त्या क्षणी जाणवलं की हिने माझ्यापेक्षा जास्त मनापासून हा विषय केलाय. त्याची मला लाज वाटली.

भूगोल मला शिकवला तो आमच्या शाळेतल्या सरांनी, भूगोलात एमए, आता रिटायर झालेत. एक दिवस शाळा सुटल्यावर म्हणाले चला मॅडम, आणि ऐरोलीला खाडीकाठी घेऊन गेले, ओहोटी होती. विचारलं, ही नदी आहे का? मी म्हटलं नाही, खाडी. मग पाणी कुठून येतं? मला सांगता येईना, आणि मी जन्मभर या खाडीवरून ट्रेनने ये-जा केलेली. त्यांनी चिखलात काठीने नकाशा काढला. दक्षिणेकडून समुद्राचं पाणी भरतीला आत येतं, दिवसातून दोनदा, वर ठाण्याजवळ खाडी अरुंद होत उल्हास नदीच्या बाजूला जोडली जाते, म्हणून साष्टी, म्हणजे ठाणे आणि मुंबईची उपनगरं ज्यावर आहेत तो भाग, हे बेट. खारफुटीची ती वर आलेली बोटांसारखी मुळं, ती श्वास घ्यायला, कारण चिखलात हवा नाही. फ्लेमिंगो या चिखलातलं खायला येतात, म्हणून २०१५ ला अभयारण्य झालं आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव गेलं.

आणि तिथे उभं असताना माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. बेटाच्या कडेला, खाडी अरुंद होते तिथे ठाणं आहे, म्हणून किल्ला तिथे. म्हणूनच पहिली गाडी ठाण्याला येऊन थांबली, कारण पुढे खाडी आडवी, पूल बांधून कल्याणपर्यंत जायला १८५४ उजाडलं. मी चौदा डबे पाठ करून बसले होते, पण गाडी ठाण्यालाच का थांबली हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, आणि त्याचं उत्तर भूगोलात होतं. ऐरोलीला आता किनारी जैवविविधता केंद्र आहे, मुलांना तिथे न्यायला सोपं पडतं, पण मी आधी काठावर उभं करून तोच प्रश्न विचारते, पाणी कुठून येतं.

म्हणून बाळा, माझं म्हणणं असं. मेथड इतिहास घे, तुझा विषय आहे तो, आत काहीतरी असेल तर पाठ जमतो. पण इंटर्नशिपला ज्या शाळेत जाशील तिथल्या भूगोलाच्या शिक्षकांच्या तासाला मागे जाऊन बस, परवानगी मागितली की देतात, कोणी मागतच नाही. एमए बीएडनंतर कर, आणि शक्य असेल तर एखादं वर्ष शिकवून मग कर, कारण तेव्हा तुझ्याकडे मुलांनी विचारलेले, तुला न आलेले प्रश्न असतील आणि ते घेऊन तू लायब्ररीत जाशील. आणि पैशाचं जमत असेल तर रेग्युलर कर. मी दूरशिक्षणातून केलं, ती माझी अडचण होती, पण बरोबरीच्या मुलांशी वाद घालत बसणं, मॅडमनी आपलं लिखाण वर्गात फाडून काढणं, हे मला फार थोडं मिळालं आणि त्याची कमी मला अजून जाणवते. अकरावी-बारावीचा दरवाजा उघडतो तो फायदा आहेच, आईला समजवायला तो पुरेल. प्रोजेक्ट मात्र लांबचा घेऊ नकोस. कळव्याचा घे. पारसिकच्या डोंगराचा घे, खाडीचा, मिठागरांचा घे.

आणि ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर आहे, १८८२ चं, महाराष्ट्र शासनाच्या साइटवर फुकट आहे, ते आत्तापासून चाळायला लाग. भात, मीठ, बंदरं, रस्ते, गावोगावची माहिती भरून आहे. फक्त वाचताना लक्षात ठेव की ते इंग्रज सरकारने राज्य चालवण्यासाठी करून घेतलेलं काम आहे. आगरी, कोळी, ठाकर, वारली लोकांबद्दल त्यात जे शेरे आहेत ते वाचताना मला राग आला होता, आमच्याच लोकांबद्दल असं कोणी लिहावं. मॅडम म्हणाल्या, राग ठेवा, पण हे कोणी लिहिलं, कोणाला विचारून लिहिलं आणि कशासाठी लिहिलं ते आधी शोधा.

त्या मुलाच्या प्रश्नाचं म्हणशील तर पुढे मी शोधलं. त्या वेळच्या मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्या दिवसाच्या बातम्या दिलेल्या आहेत, तोफांची सलामी, बँड, गर्दी, सगळं. आता मी हा धडा घेताना आकडा फळ्यावर लिहायच्या आधी मुलांनाच विचारते की हे आपल्याला कोण सांगू शकेल. तो मुलगा आता कॉलेजला असेल, कुठल्या ते मला माहीत नाही. नावही आठवत नाही त्याचं, कारण मी विचारलंच नव्हतं.